क्लायंट म्हणतो "घरगुती फीलिंग पाहिजे", तेव्हा करायचं काय?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तू वाशीला एका स्टुडिओत आहेस, काम स्वच्छ करतोस, ग्रिड, मार्जिन सगळं जागच्या जागी असतं, पण दर वेळी सिनियर बघून म्हणतात, "छान आहे रे, पण काही वाटत नाहीये." आत्ता हातात एका बचत गटाच्या आगरी-कोळी मसाल्याचं पाकीट आहे, त्यांना "घरगुती फीलिंग" हवंय, म्हणून तू लाल-पिवळा रंग, नऊवारीतली आजी, मागे जातं, खाली वारली बॉर्डर असं सगळं घातलंस आणि तरी ते पाकीट थंडच पडलंय. आणि तू विचारतोयस की ताई, भावना जागी करायची काही पद्धत असते का, कुठल्या रंगाने काय वाटतं याचा एखादा तक्ता आहे का, आणि हे सगळं क्लायंटच्या गळी उतरवायचं कसं.

तक्ता नाही. म्हणजे नेटवर ढिगाने सापडतील, लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे विश्वास वगैरे, त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते. पद्धत मात्र आहे, आणि मी ठाण्यात बसून इतकी वर्षं चित्रं, पुस्तकांची कव्हरं, प्रदर्शनं, दवाखान्यांच्या भिंती असं जे काही करतेय ते सगळं त्या एकाच पद्धतीवर चाललंय. भावनेचं नाव घ्यायचं नाही, तिचं कारण समोर ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं.

यात माझी अक्कल काही नाही बरं का. भरताने नाट्यशास्त्रात सांगून ठेवलंय की विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव एकत्र आले की रस निर्माण होतो. विभाव म्हणजे कारण, अनुभाव म्हणजे ते अंगावर दिसतं कसं, आणि व्यभिचारी म्हणजे मधेच येऊन जाणारे छोटे छोटे भाव, शंका, लाज, आळस असले. या यादीत "इथे दुःख आहे" अशी पाटी लावायला जागाच नाही. पुढे अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने तर रसाचं किंवा भावाचं नाव थेट घेणं हा सरळ सरळ रसदोष धरलाय. शृंगार रंगवायचा असेल तर "शृंगार" म्हणू नकोस, एवढी साधी गोष्ट. विनोद सांगून झाल्यावर "हसा आता" म्हणण्यासारखं आहे ते. आणि तुझ्या पाकिटावरची आजी नेमकं तेच करतेय, ती ओरडून सांगतेय की घरगुती आहे हो, घरगुती आहे. बघणाऱ्याला करायला काही उरलंच नाही.

विभावाचेही दोन भाग करतात, आलंबन आणि उद्दीपन. आलंबन म्हणजे ज्याच्याबद्दल भावना आहे ती व्यक्ती, आणि उद्दीपन म्हणजे भोवतालचं, चांदणं, वारा, रिकामं अंगण. आपण डिझायनर लोक बहुतेक वेळा उद्दीपनावरच काम करत असतो आणि ते आपल्याला माहीत नसतं. आलंबन बघणाऱ्याचं स्वतःचं असतं, त्याची आजी त्याच्याकडे आहे ना, तुझी शटरस्टॉकवरची आजी मधे आली की त्याची आत जाते.

मग मसाल्याच्या पाकिटावर काय? एप्रिल-मेमध्ये ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात नाहीतर बेलापूरजवळच्या दिवाळे गावात चक्कर टाक. गच्चीवर जुन्या साडीवर मिरच्या पसरलेल्या असतात, बेडगी वेगळी, काश्मिरी वेगळी, डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, पिशव्या घेऊन बायका नंबर लावून उभ्या, प्रत्येकीच्या नाकाला पदर, आणि आपला मसाला दुसरीच्यात मिसळू नये म्हणून डोळा सतत यंत्रावर. घरी आल्यावर बरणीत भरताना मधे मधे हिंगाचे खडे, वर दाबून मीठ नाहीतर कागद, तोंडाला फडकं बांधून सुतळी. आता यातलं घरगुती काय आहे सांग. जातं तर कुठेच नाहीये, कुटणं यंत्रावर झालंय! घरगुती आहे ते पिशवीवर डोळा ठेवणं, ती सुतळीची गाठ, ती बेगमी. पाकिटाच्या तोंडाला फडक्याच्या घडीचा नुसता आकार आणि सुतळीची एक गाठ एवढंच ठेवून बाकी जागा सोडलीस तरी काम होईल असं मला वाटतं. बघून ये आधी, मग ठरव, कदाचित तुला तिसरंच काही दिसेल आणि ते माझ्यापेक्षा बरं असेल.

वारलीबद्दल एक सांगून टाकते कारण ते मला खुपतं. वारल्यांच्या लग्नात सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधे पालघट देवी, लग्न लावणारी बाई म्हणजे धवलेरी गाणी म्हणते, त्याशिवाय लग्न लागत नाही. ते त्या प्रसंगाचं चित्र आहे. आपण त्यातली माणसं तेवढी उचलली आणि सोसायटीच्या गेटपासून टिश्यू बॉक्सपर्यंत रांगेत नाचवली, आणि आता म्हणतो की त्यात काही जाणवत नाही. नवी मुंबईतल्या फ्लेमिंगोंचंही तेच झालं. पुलाचा खांब दिसला की गुलाबी फ्लेमिंगो, सर्कल दिसलं की फ्लेमिंगो. ऐरोलीहून बोटीने खाडीत गेलास कधी? बोटीची वेळ भरती-ओहोटीवर असते, चिखलाचा वास, खारफुटी, आणि लांबवर एक फिकट पट्टी दिसते, ती हलते तेव्हा कळतं की पक्षी आहेत. लांबून दिसणं आणि वाट बघणं हीच त्यातली मजा, आणि भिंतीवर मात्र पक्षी आपल्या नाकासमोर सहा फुटांचा. असो.

आता एक काम जरा सविस्तर सांगते कारण त्यात बहुतेक सगळं येतं. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या डायलिसिस वॉर्डाचं काम होतं. ट्रस्टींचं म्हणणं होतं की वातावरण पॉझिटिव्ह करा, भिंतींवर सूर्योदय, हसरी कुटुंबं, दोन-चार सुविचार. मी म्हटलं आधी मला एका रिकाम्या बेडवर पडू द्या. सिस्टरना वाटलं बाईंना चक्कर आली. पण पडल्यावर कळलं की भिंत दिसतच नाही! डायलिसिसला साधारण चार तास लागतात, आठवड्यातून दोनदा-तीनदा यायचं, हात हलवायचा नाही, आणि दिसतं काय तर दोन बाय दोन फुटांच्या टाइलींचं फॉल्स सीलिंग आणि डोळ्यात जाणारा पांढराफटक एलईडी पॅनेल. सुविचार वाचायचे ते नातेवाइकांनी. म्हणजे चित्र लागायचं तर छताला लागायला हवं, हे ठरलं ते आडवं पडल्यामुळे, कुठल्या मूडबोर्डमुळे नाही.

मग छताला काय? झाडाखाली पडलं की जे दिसतं ते. येऊरला फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर फुलते, एक पान नसतं आणि सगळं झाड लाल, खालून बघताना फार देखणी दिसते, मी तीच स्केच करून नेली. सिनियर सिस्टर एकच वाक्य बोलल्या, "मॅडम, लाल नको, नळीतलं बघतच असतात ना ते." बरोबर होतं, पेशंटच्या शेजारून त्याचं स्वतःचंच रक्त फिरत असतं. मग बहावा म्हटलं, पिवळे झुंबर लटकलेले, तर डॉक्टर म्हणाले पिवळी छटा चेहऱ्यावर पडली तर आम्हाला पेशंटचा रंग कळणार कसा. बघ, एकच पिवळा, माझ्या लेखी उन्हाळा आणि त्यांच्या लेखी आजार. शेवटी पिंपळाची पालवी घेतली. चैत्रातली, आधी तांबूस, मग पोपटी, आणि खालून बघितलं की पानातून ऊन आरपार येतं, शिरा दिसतात, पानाचं ते लांब टोक दिसतं. पॅनेलवर पातळ छापील शीट म्हणजे उजेड पानामागून आल्यासारखा, आणि आजूबाजूच्या टाइली हाताने रंगवलेल्या, पुसता येईल अशा रंगाने कारण तिथे जंतुनाशकाने सगळं पुसतात. टाइलींच्या रेघा लपवायच्या फंदात पडले नाही, फांद्याच त्या रेघांच्या आधाराने नेल्या.

खरा फरक मात्र दिव्याने पडला असं माझं मत आहे. आधी ६५०० केल्व्हिनचे स्वस्तातले पॅनेल होते (केल्व्हिनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर-पांढरा, लहान तितका पिवळसर), त्यात धडधाकट माणूससुद्धा आजारी दिसतो. ट्रस्टींना एकदम हॉटेलसारखा २७०० चा उबदार उजेड हवा होता, तो तिथे चालत नाही, त्या उजेडात सगळी त्वचा पिवळसर दिसते, सिस्टरना रंगही नीट कळायला हवा आणि सुईही. म्हणून ४००० केल्व्हिन आणि सीआरआय ९० च्या वरचे दिवे घेतले. सीआरआय म्हणजे त्या उजेडात वस्तूचा मूळ रंग किती खरा दिसतो त्याचं माप. हे दिवे महाग पडतात आणि फोटोत काही दिसत नाही, त्यामुळे पोर्टफोलिओत सांगूनही कोणी विचारत नाही. पण "इथे आलं की घाबरायला कमी होतं" असं एक आजी म्हणाल्या तेव्हा माझ्या मते त्या दिव्याबद्दल बोलत होत्या, पानांबद्दल नव्हे.

आणि नंतर कळलेली गंमत म्हणजे शेजारशेजारच्या बेडवरच्या दोन काकांचा त्या छतावरून वाद. एकाचं म्हणणं तिसऱ्या फांदीवर तांबट बसलाय, दुसऱ्याचं म्हणणं ते सुकलेलं पान आहे. मी पक्षी काढलेलाच नाही. पण तो वाद मिटू नये म्हणून मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तर रंगांचा तक्ता. काळ्याचं घे. कुठल्याही दुकानदाराला काळं पाकीट दाखव, म्हणेल अशुभ आहे, बदला. त्याच्याच बायकोच्या गळ्यात काळे मणी असतात, संक्रांतीला ती काळी साडी मुद्दाम काढते आणि बाळाच्या हलव्याच्या दागिन्यांखालचं झबलंसुद्धा काळंच असतं. म्हणजे काळा शुभ की अशुभ हे काळा रंग ठरवत नाही, प्रसंग ठरवतो. तसंच शेजाराचं. हळदीचा पिवळा कुंकवाशेजारी ठेव, देवघर आठवतं, तोच पिवळा काळ्याशेजारी ठेव, टॅक्सी आठवते. म्हणून कुठला रंग हे विचारण्याआधी कोण बघतंय, कुठे उभं राहून, कुठल्या वेळी, हातात पिशव्या आहेत का, एवढं लिहून काढ. मग रंगाचे पर्याय आपोआप दोन-तीनावर येतात.

बाहेरचं एक उदाहरण देते, मला कायम पुरतं ते. वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धात गेलेल्या सैनिकांचं स्मारक आहे, १९८२ चं. माया लिन नावाच्या मुलीचं डिझाइन निवडलं गेलं तेव्हा ती २१ वर्षांची होती, येलला शिकत होती. जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती, त्यांवर नावं, ५८ हजारांच्या वर. पुतळा नाही, झेंडा नाही, बंदूक नाही. नावं अकारविल्हे नाहीत, माणूस गेला त्या तारखेच्या क्रमाने आहेत, त्यामुळे एकाच दिवशी एकत्र गेलेले तिथेही जवळजवळ असतात. दगडाला पॉलिश इतकं की नाव वाचताना त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. त्या वेळी खूप विरोध झाला, हे कसलं स्मारक म्हणून, शेवटी १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवला. पुतळा वाईट नाही. पण लोक कागद ठेवून पेन्सिल घासून नाव उमटवून नेतात ते भिंतीवरून. तिने दुःख कुठेच काढलेलं नाही, फक्त क्रम, पॉलिश आणि उतार ठरवला. तीन निर्णय, तिन्ही अगदी तांत्रिक. मला वाटतं भावना ज्याला म्हणतात ती अशाच कोरड्या दिसणाऱ्या निर्णयांत असते.

अक्षरांबद्दल तू विचारलं नाहीस पण मसाल्याच्या पाकिटावर शेवटी अक्षरच मोठं असणार, म्हणून सांगते. कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं जुन्या पेपरांत शोधून बघ. पेपरातली छोटी जागा, काळं-पांढरं, चित्र नाही, आणि नुसत्या अक्षराच्या वळणावरून नाटक विनोदी आहे की रहस्य आहे ते कळायचं. आमच्या पिढीने गडकरी रंगायतनला नाटकांची तिकिटं काढली ती बऱ्याचदा ती अक्षरं बघून. आता आपण काय करतो, इंग्लिशमध्ये शांत, निवांत वाटावं म्हणून अक्षरांत अंतर वाढवतात तसंच देवनागरीला करतो, शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. निवांतपणा आणायचा तर तो अक्षराच्या आतल्या पोकळीत आणायचा, ओळींच्या मधल्या जागेत आणायचा, वेलांटीला वर जायला मोकळीक द्यायची. आणि मसाल्यावर उगाच ब्रशचा फॉन्ट लावू नकोस, फॉन्टमधला प्रत्येक 'म' सारखाच असतो, एका नावात दोन 'म' आले की हाताचं सोंग उघडं पडतं. त्या बचत गटातल्या कोणाकडून तरी बरणीवर लिहितात तसं लिहून घे, बॉलपेनने, आणि नीट साफ करून ते वापर. नवी मुंबईत अच्युत पालवांची कॅलिग्राफीची शाळा आहे, जमलं तर थोडे दिवस बोरू धर, कॅलिग्राफर व्हायला नव्हे, हात कुठे थांबतो आणि कुठे दाबला जातो ते कळायला.

तू बेलापूरपासून लांब नाहीस, एखाद्या रविवारी आर्टिस्ट व्हिलेजला जा. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेली वसाहत ती, सात घरं एका लहान चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. बरीच घरं लोकांनी नंतर बदलली, पाडून नवी बांधली, मूळ घरासारखं फार कमी राहिलंय, पण चौकाचं माप अजून कळतं. आठ मीटरवरून समोरच्याचा चेहरा वाचता येतो आणि हाक मारायला आवाज चढवावा लागत नाही. शेजार वाटतो तो त्यामुळे, तिथे भिंतीवर "आपुलकी" लिहायची गरज पडली नाही. पाकिटालाही अंतर असतंच, दुकानात फळीवर चार फुटांवरून, घरी ओट्याशी एका हातावर. दोन्ही ठिकाणी वेगळं काहीतरी दिसायला हवं, जवळ घेतल्यावर काही नवं सापडलं नाही तर माणूस परत बघत नाही.

एक काळजी मात्र घे. हे सगळं जमायला लागलं की लोकांना रडवणं फार सोपं होतं, आणि देणगीच्या पोस्टरांवर ते रोज चाललेलं असतं, मोठे डोळे, गालावर एक थेंब, खाली क्यूआर कोड. बघणाऱ्याला कीव येते, तो पैसे देतो आणि मोकळा होतो, त्या मुलाबद्दल त्याला काही कळलेलं नसतं. माझा नियम असा की ज्याचं चित्र आहे त्याला ते समोर बसून दाखवता आलं पाहिजे. दाखवायला लाज वाटली तर ते काम मी देत नाही. यावरून माझी दोन-तीन कामं गेलीत आणि गेली ती बरंच झालं.

चित्रकार म्हणून मी जरा वेगळी वागते हेही सांगायला हवं. कॅनव्हाससमोर मला काय वाटवायचंय ते ठरलेलं नसतं, ठरलं तर चित्र मरतं. उपवनच्या तळ्यावर पावसाळ्यात सकाळी जो करडा उजेड असतो त्याच्या मागे मी किती वर्षं आहे, त्यातून कोणाला उदास वाटतं, कोणाला शाळेला सुट्टी मिळाल्याचा आनंद होतो, दोन्ही चालतं. डिझाइनमध्ये हे स्वातंत्र्य नाही, तिथे माणूस औषध शोधत असतो नाहीतर मसाला, त्याला गोंधळात पाडून चालत नाही. पण सराव एकच. माझ्या वहीत भावना लिहिलेल्या नसतात, गोष्टी असतात. "ट्रान्सहार्बरच्या शेवटच्या गाडीत एक माणूस केकचा खोका मांडीवर आडवा, दोन्ही हातांनी धरून, ब्रेक लागला की हात वर उचलतो." बस एवढंच लिहायचं. प्रेमळ बाप वगैरे लिहिलं की ते पान वाया गेलं.

आता क्लायंट. त्यांना भावना, रस, भरतमुनी काही सांगू नकोस, ते घड्याळ बघायला लागतात. पीडीएफ मेल करू नकोस, स्क्रीनवर सगळंच चांगलं दिसतं आणि मग लोगो मोठा करा सुरू होतं. तीन डमी पाकिटं बनव, खऱ्या कागदाची, आत खरंच वजन भर, आणि त्या बायकांच्या हातात दे. "कसं वाटलं" विचारायचं नाही, आपल्याकडे उत्तर "छान" येतं, पाहुणचाराचा भाग आहे तो. त्याऐवजी गप्प बसून बघ, कुठलं पाकीट हातात जास्त वेळ राहतं, कोण उलटून मागे वाचतं, कोण नाकाशी नेतं. दोन दिवसांनी फोन करून विचार की त्यावर काय होतं. जे आठवलं ते ठेवायचं, जे कोणालाच आठवलं नाही ते काढायचं, मग ते तुला कितीही आवडो. मोठा क्लायंट असता तर याला टेस्टिंग म्हणून वेगळे पैसे लावले असते, इथे चहा आणि भज्यांवर भागेल.

कागद मॅट घे, ग्लॉसवर बॉलपेन उमटत नाही. कायद्याने लागते ती तारीख, बॅच नंबर, वजन, लायसन्स नंबर सगळं छापील किंवा शिक्क्याने येईलच, त्यात कलाकारी करू नकोस. त्याशिवाय मसाला करणाऱ्या बाईने सही करावी एवढी एक रिकामी पट्टी सोडून बघ, आणि त्या हो म्हणतायत का ते आधी विचार, प्रत्येकीला आपलं नाव बाजारात जायला नको असतं. मग एक डमी घेऊन जांभळी नाक्याच्या एखाद्या किराणा दुकानात बाकीच्या मसाल्यांच्या रांगेत ठेव आणि लांब उभा राहून बघ. दुकानदाराला आधी विचार, आणि दुपारी जा, संध्याकाळी त्याला बोलायलाही वेळ नसतो.